रिकामे कोंदण

खडा निघून गेल्यावर उरलेल्या अंगठीचे काय करायचे, हा प्रश्न पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कुणाला फारसा अडवत नाही. तिथे घराण्याचा सराफ असतो, तो कोंदण हातात घेऊन कस सांगतो आणि पुढे काय करायचे ते दोघे मिळून ठरवतात. इथे ब्रिटनमधल्या मिल्टन कीन्समध्ये मात्र बावीस कॅरेटचे रिकामे कोंदण घेऊन बाहेर पडले की बहुधा आधी गाठ पडते ती वजनावर सोने घेणाऱ्या काउंटरशी. दर चढलेले असतात, पैसे लगेच हातात पडतात आणि डबीतली एक अडगळ कमी होते. तरीही माझे मत आता पक्के झाले आहे: हे कोंदण वजनावर विकू नये. भावना हे त्याचे एक कारण आहे, पण सगळ्यात मोठे कारण हिशेबाचे आहे.

आधी कस पाहू. भारतात सोन्याला हॉलमार्क २००० साली आला आणि तो सक्तीचा झाला २०२१ मध्ये. त्यामुळे आई-आजीच्या काळातल्या बहुतेक अंगठ्यांवर काहीच छाप नसतो, आणि जिच्यावर भारतीय ९१६ आहे तिचा शिक्काही इथल्या कायद्यात हॉलमार्क म्हणून धरला जात नाही. ब्रिटनचा १९७३ चा हॉलमार्किंग कायदा सांगतो की एक ग्रॅमच्या वरची वस्तू हॉलमार्कशिवाय व्यापारात 'सोन्याची' म्हणून विकता येत नाही (फार जुन्या वस्तूंना थोडी सूट आहे). त्यात इथल्या पेठेत नऊ कॅरेटचा सुळसुळाट. चार ग्रॅमच्या अंगठीत बावीस कॅरेटने साधारण ३.६७ ग्रॅम शुद्ध सोने असते, नऊ कॅरेटने फक्त दीड. छाप नसलेली अंगठी तपासल्याशिवाय विकणाऱ्याचे किती नुकसान होऊ शकते, ते या दोन आकड्यांत दिसते. तपासायची सोय मात्र आपल्या गावाला हाकेच्या अंतरावर आहे. देशातल्या चार तपासणी कार्यालयांपैकी दोन लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये आहेत, आणि मिल्टन कीन्स सेंट्रलवरून एकीकडची गाडी लंडनला जाते, दुसरीकडची बर्मिंगहॅमला. बर्मिंगहॅमचे कार्यालय १७७३ पासून चांदीचा आणि १८२४ पासून सोन्याचाही कस पाहत आले आहे. जहाजाचा नांगर ही त्याची खूण. एवढे लक्षात ठेवावे की क्ष-किरणांचे यंत्र अंगठी न कापता कस सांगते, पण वाचते ते फक्त वरचा थर. सांध्याजवळ डाक असतो, तिथे आकडा खाली येतो. म्हणून दोन-तीन जागी तपासून घ्यावे.

आता पैशांचा हिशेब. मोडीच्या दरात घेणाऱ्याची वजावट असते, ती गेली. मग त्याच पैशांत नवी अंगठी घ्यायला गेलो तर किमतीत २० टक्के व्हॅट आहे, आणि तो घडणावळीबरोबर सोन्यावरही बसतो. भारतात सोन्याच्या दागिन्यावर ३ टक्के जीएसटी देणाऱ्या माणसाला हा फरक चटकन कळेल. याउलट आपलेच सोने देऊन तेच कोंदण दुरुस्त केले किंवा नवे घडवून घेतले, तर कर बसतो तो कामावर आणि वर घातलेल्या जास्तीच्या धातूवर. 'दर चढा आहे तोवर विका' म्हणणाऱ्यांना माझे एवढेच विचारणे आहे की नवी अंगठी त्याच चढ्या दराने घ्यावी लागणार नाही का? आणि नवी घ्यायचीच नसेल, तर चार ग्रॅम म्हणजे तोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. तेवढ्यावर घराची कुठली नड भागणार? नड खरीच असेल तर गोष्ट वेगळी. सोने अडीअडचणीसाठीच असते, आणि ते विकण्यात कमीपणा नाही.

यावर कुणी म्हणेल की मोड घालणे ही तर आपलीच रीत, आजीच्या पाटल्यांच्या आईने बांगड्या केल्याच ना? केल्या, आणि योग्यच केले. पण त्या मोडीत सोनार समोर बसून सोने वितळवायचा, घट किती आली ते दाखवायचा, आणि आपल्याच सोन्याचा नवा दागिना आपल्याच घरी यायचा. वजनाच्या काउंटरवर ती साखळी तुटते. सोने भट्टीत इतर हजारांच्या सोन्यात मिसळते आणि आपल्याकडे पावती उरते. मला वितळवणे खटकत नाही, हे तुटणे खटकते. दुसरा आक्षेप मुलांचा: इथे वाढलेली मुले इतके पिवळे, मऊ सोने घालत नाहीत. हे खरे आहे, आणि खड्याला धरणारे काटे बावीस कॅरेटमध्ये लवकर झिजतात, हेही खरे. पण त्याच चार ग्रॅममध्ये मिश्रधातू घालून अठरा कॅरेट केले तर सुमारे ४.९ ग्रॅम धातू होतो, तो जास्त कणखर असतो आणि रंगानेही थोडा शांत. त्यात आजीचे सोने शिल्लक राहते आणि नातीच्या बोटालाही ते शोभते.

'धातू तो धातू, त्यात काय जपायचे?' या प्रश्नाचे उत्तर याच गावाच्या मातीतून निघालेले आहे. २००० साली मंकस्टनच्या शेतात मातीच्या भांड्यात सोन्याच्या दोन हसळ्या आणि तीन कडी सापडली, वजन सुमारे दोन किलो, वय जवळपास तीन हजार वर्षे. त्यांची किंमत २,९०,००० पौंड ठरली, तेव्हाच्या दराने नुसत्या सोन्याचे जे आले असते त्याच्या कितीतरी पट. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपली अंगठी काही ठेव नव्हे, हे मान्य. तिला बाजारात असा भाव कुणी देणार नाही. पण घडवणाऱ्या हाताची आणि घालणाऱ्या माणसांची किंमत तराजूत उतरत नाही, हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे, आणि आपल्या अंगठीच्या बाबतीत ती किंमत जाणणारे फक्त आपणच असतो.

म्हणून कोंदणाचे घर शाबूत असेल तर त्यातच खडा बसवावा. झिजले असेल तर त्याच सोन्याचे नवे करावे. बावीस कॅरेटची सवय असलेला सोनार हवा असेल तर लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड फार दूर नाही. जाताना दोन गोष्टी आधी सांगा. अंगठी ग्रहाच्या खड्याची असेल तर कोंदण खालून उघडे ठेवायचे असते, खडा त्वचेला टेकावा म्हणून. इंग्रज कारागिराला ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि अंगठी केडीएमची असण्याची शंका असेल, तर त्या डाकात कॅडमियम असते आणि तापवल्यावर त्याचा धूर विषारी असतो. कारागिराने ज्योत लावण्याआधी त्याला हे सांगायला विसरू नका.