काळा गरुड

विष्णुमंदिरात देवासमोर हात जोडून उभा असलेला गरुड आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु जोयडा तालुक्याच्या अरण्यात जो काळा गरुड राहतो, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वकिलीच्या कामानिमित्त आम्हांस वर्षातून काही वेळा कारवारहून कद्रामार्गे अणशीचा घाट चढून जोयड्यास जावे लागते. या प्रवासात त्याचे दर्शन घडले नाही, तर काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

घारीपेक्षा तो बराच मोठा. पंख पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा फूट सहज भरतात. सर्वांग काळसर, पाय आणि चोचीचे मूळ तेवढे पिवळे. पंख अंगाशी अरुंद व पुढे रुंद होत गेलेले, आणि टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली. या रचनेमुळे तो इतका सावकाश उडू शकतो की, आता खाली पडेल की काय असे वाटावे. झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ स्पर्श करीत तो दरीच्या कडेकडेने जातो. आम्ही एकदा म्हणालो, "किती निवांत फिरतो आहे!" बरोबरचे वृद्ध कुणबी गृहस्थ हसून म्हणाले, "वकीलबाब, तो भोंवना, सोदता."

ते अक्षरशः खरे होते. इतर गरुड वेगाने झडप घालतात. हा मात्र पानांआड दडलेली घरटी हुडकतो. अंडी आणि पिले हे त्याचे आवडते खाद्य. खारी, सरडे, साप यांवरही तो निर्वाह करतो, आणि प्रसंगी शेकरूसारखा मोठा प्राणीही धरतो. त्याची नखे इतर शिकारी पक्ष्यांच्या मानाने कमी बाकदार असतात. त्यामुळे पिलांसकट सबंध घरटेच पायांत उचलून नेणे त्याला साधते.

आमच्या वकिली बुद्धीला हा उघड घरफोडीचा गुन्हा वाटावा, यात नवल नाही. महाभारताच्या आदिपर्वातला गरुड तर नेमका याच्या उलट वागतो. त्याच्या भाराने वडाची फांदी मोडली, तेव्हा तिला उलटे लटकून तप करणारे वालखिल्य ऋषी त्याच्या दृष्टीस पडले. त्यांना इजा होऊ नये म्हणून ती फांदी त्याने चोचीत धरली आणि निर्जन पर्वत सापडेपर्यंत तो उडत राहिला. पुराणातला गरुड फांदी नेतो ती तीवरील जीव वाचावेत म्हणून. अणशीचा गरुड घरटे नेतो ते आपले पिलू जगावे म्हणून.

आणि ते पिलूही बहुधा एकुलते एकच. हिवाळ्यात नर-मादी आकाशात उंच चढतात, पंख मिटून दगडासारखी खाली येतात आणि तशीच पुन्हा वर झेपावतात. खोल दरीवर झुकलेल्या उंच वृक्षावर काटक्यांचे मोठे घरटे असते. पुष्कळदा तेच वर्षानुवर्षे वापरले जाते. त्यात मादी बहुधा एकच अंडे घालते. ज्याच्या घरी एकच मूल, त्याला दर वर्षीचे पीक बुडणे परवडत नाही.

कायद्याने या बाबतीत मोठा शहाणपणा दाखविला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे अंतर्भूत आहे. हा निर्बंध मनुष्यावर आहे, गरुडावर नाही. कारण गरुड भुकेपुरते घेतो. परंतु घरट्याचे रक्षण केले आणि भोवतीचे रान विरळ केले, तर त्या रक्षणाला काय अर्थ? या पक्ष्याला एक वृक्ष पुरत नाही. शेंड्याला शेंडा भिडलेले मैलोगणती अरण्य हवे. दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली झाले, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ साली. आज ही दोन्ही काळी व्याघ्र प्रकल्पात आहेत. म्हणूनच तो येथे टिकला.

जोयड्याच्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. काळी नदीवर धरण झाले आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. विस्थापितांना रामनगरात जागा मिळाली. त्यांच्यातील वृद्धांशी बोलताना आमच्या ध्यानी आले की, त्यांना घराहून अधिक आठवते ती घराभोवतालची वाट, पाणंद आणि देवाचे रान. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक?

वाचकांपैकी अनेकजण देवस्थानांच्या समित्यांवर आहेत. जीर्णोद्धाराच्या बैठकीत सभामंडपासाठी किंवा वाहनतळासाठी जुना वृक्ष तोडण्याचा ठराव कधी ना कधी पुढे येतोच. सही करण्यापूर्वी बाहेर येऊन त्या वृक्षाच्या शेंड्याकडे एकवार पाहावे आणि मग त्याच्यावाचून भागणार नाही का, हे पुन्हा विचारावे, एवढीच आमची विनंती.