अठ्ठावीस सेंटीमीटर

आमच्या घरांत परीक्षेचा निकाल लागला कीं पहिला प्रश्न ठरलेला, 'नंबर कितवा?' वडिलांनीं तो आम्हांस विचारला, आम्हीं मुलांना विचारला. त्यांत कांहीं वावगें आहे असें कधीं वाटलें नाहीं. म्हणूनच २०२१ सालीं टोकियोच्या पॅरालिंपिकमध्यें नांदेड जिल्ह्यांतील होनवडजच्या भाग्यश्री जाधव गोळाफेकींत सातव्या आल्या, हें वाचून आम्ही 'सातव्या होय!' एवढेंच म्हणालों आणि पान उलटलें. होनवडज मुखेड तालुक्यांतलें. हा तालुका लातूर जिल्ह्याच्या शिवेला लागून, आणि आमचें अर्धें गणगोत त्या शिवेच्या दोहों अंगांस. तरीहि पान उलटलें!

पुढें २८ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसला सुमित अंतिल यांच्यासह त्यांनींच भारताचा ध्वज धरला, तेव्हां मात्र आम्ही रात्रीं जागून दूरदर्शन संचासमोर बसलों व शेजाऱ्यांसही उठवलें. आठवड्याभरानें त्यांची स्पर्धा झाली. पांचवा क्रमांक. "म्हणजे पदक नाहींच," आम्ही म्हणालों.

आमची धाकटी कन्या कांहीं न बोलतां उठली, आईच्या शिवणाच्या डब्यांतला टेप घेऊन आली आणि फरशीवर खडूनें दोन रेघा ओढल्या. "टोकियोला ७.००, पॅरिसला ७.२८. बाबा, मधलें अंतर बघा." एक वीत आणि वर दोन-तीन बोटें. तीन वर्षांत एवढेंच? आमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिनें वाचला असावा.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं परसांत खुर्ची मांडली, कंबर उपरण्यानें बांधली आणि वाण्याकडचें दोन किलोचें लोखंडी वजन फेकलें. भाग्यश्रीबाईंच्या एफ ३४ या गटांत गोळा बसूनच फेकावा लागतो. फेकतांना बूड आसनावरून उचललें गेलें तर ती फेक बाद. पायांचा रेटा नाहीं, धांव नाहीं; सारें खांद्यानें आणि धडानें करावयाचें. आमचें वजन तुळशीवृंदावनाच्या अलीकडेंच पडलें, आणि बूड उचललें गेलें हें कन्येनें जाहीर केलें तें निराळेंच.

मग आम्ही जुन्या बातम्या धुंडाळूं लागलों. २०२३ सालीं हांगझाऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेंत ७.५४ मीटर व रौप्यपदक. मे २०२४ मध्यें कोबे येथील जागतिक स्पर्धेंत ७.५६ मीटर व पुन्हां रौप्य. म्हणजे टोकियोनंतर पॅरिसपर्यंत जेवढें मिळवलें, बरोबर तेवढेंच, अठ्ठावीस सेंटीमीटर, कोबेनंतर चार महिन्यांच्या आंत हातचें गेलें होतें! खेळाडूचा चढ हा जिन्यासारखा असतो अशी आमची समजूत होती, ती त्या दिवशीं गेली. पॅरिसच्या विजेत्या चीनच्या झोऊ लिजुआन यांची फेक ९.१४ मीटर होती, हेंही लपविण्यांत अर्थ नाहीं. परदेशांतील बर्फावरच्या शर्यतींत माणसें सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यासाठीं आयुष्य वेचतात, हें आम्ही मोठ्या कौतुकानें वाचीत आलों. शिवेपलीकडच्या बाईंची वीतभर जमीन मात्र आम्हांला दिसली नव्हती.

परवां कन्येचा निकाल लागला. प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळून आम्हीं विचारलें, "कोणतें गणित अवघड गेलें?"

तिनें आमच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बाबा, तुम्हांला बरें नाहीं का?"