नंदिवर्धनचा छोटा युवराज

नागपूरच्या मुलांना रामटेक काही नवं नाही. कधी शाळेच्या सहलीबरोबर, कधी घरच्यांबरोबर तुम्ही गडावर एकदा तरी गेलाच असाल. माकडांनी हातातला प्रसादही पळवला असेल! दर्शन झालं की एस.टी.त बसायचं आणि परत नागपूर, असंच आपलं होतं. पण पुढच्या वेळी एवढी घाई करू नका. रामटेकपासून पाच-सात किलोमीटरवर नगरधन नावाचं गाव आहे. तिकडे जरा वाट वाकडी करा. तिथे तुम्हाला एका मुलाची ओळख करून घ्यायची आहे. मुलगा आहे मात्र सोळाशे वर्षांपूर्वीचा!

नगरधनला आधी नजरेत भरतो तो किल्ला. हा भोसल्यांच्या काळातला. आपली गोष्ट त्याच्याही खूप आधीची. तेव्हा या गावाला नंदिवर्धन म्हणत आणि इथे वाकाटक राजांची राजधानी होती. आज जिथे भाताची शेतं दिसतात, त्या परिसरात तेव्हा राजधानीची वर्दळ असायची.

इसवी सन ४०० च्या सुमाराची गोष्ट. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन वारला. त्याची राणी होती प्रभावतीगुप्ता. ही साधीसुधी राणी नव्हे बरं का! उत्तरेतला बलाढ्य गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त हा तिचा बाप, आणि समुद्रगुप्त तिचा आजोबा. लग्न होऊन ती इतक्या दूर विदर्भात आली आणि थोड्याच वर्षांत विधवा झाली. मुलं लहान. गादीचा वारस दिवाकरसेन तर अगदीच पोरवयाचा. मग राज्य कुणी चालवायचं?

राणीनं ते स्वतःच चालवायला घेतलं. हे आपल्याला कसं कळलं, तर एका ताम्रपटावरून. त्या काळी राजानं कुणाला गाव दान दिलं, की तो हुकूम तांब्याच्या पत्र्यांवर कोरून द्यायचे. पत्रे कडीत ओवायचे आणि कडीला राजाची मुद्रा लावायची. म्हणजे आजच्या सरकारी कागदावरचा शिक्काच समजा. प्रभावतीगुप्तेनं असाच एक ताम्रपट नंदिवर्धनहून दिला. दिवस होता कार्तिक शुद्ध द्वादशी. दंगुण नावाचं गाव तिनं चनालस्वामी नावाच्या आचार्यांना दान दिलं. त्यात तिनं आधी आपल्या माहेरची, गुप्तांची वंशावळ सांगितली आहे. मुद्रेवर मात्र तिनं स्वतःची ओळख कशी करून दिली असेल? सम्राटाची मुलगी? नाही. युवराजाची आई! हा हुकूम युवराजाच्या आईचा आहे, असं त्या मुद्रेवर कोरलेलं आहे.

आता एक गणित करा. हा ताम्रपट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षी दिलेला आहे. बाप गेला तेव्हा दिवाकरसेन अगदी पाळण्यात होता असं धरलं, तरी आता तो निदान तेरा वर्षांचा झाला. म्हणजे तुमच्याएवढाच! आणि अजूनही तो 'युवराज'च आहे, 'महाराज' नाही.

तो महाराज कधी झालाच नाही. त्याच्या नावाचा एकही ताम्रपट सापडलेला नाही. पुढच्या काळातला राणीचा दुसरा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. त्यात ती स्वतःला दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणते. दिवाकरसेनाचं नाव तिथे नाही. तो लहानपणीच वारला असावा, असं इतिहासकार मानतात.

मोठ्या माणसांच्या इतिहासात असे बालराजे बरेच भेटतात. आपल्या दिवाकरसेनानंतर दोनशे वर्षांच्या आत, आजच्या फ्रान्सच्या भूमीवर, फ्रँक लोकांच्या राज्यात असंच घडलं. ५८४ साली तिथल्या राजाचा खून झाला. त्याचा मुलगा क्लोथार तेव्हा काही महिन्यांचा होता! त्याचीही गादी त्याच्या आईनं, फ्रेडेगुंडनं सांभाळली. क्लोथार मोठा झाला आणि ६१३ मध्ये सगळ्या फ्रँकांचा राजा झाला. दिवाकरसेनाच्या नशिबी ते नव्हतं. त्याचा भाऊ प्रवरसेन मात्र नामांकित राजा झाला. महाराष्ट्री प्राकृतातलं 'सेतुबंध' हे काव्य त्याच्याच नावावर आहे. त्याचे ताम्रपटही कितीतरी सापडले आहेत.

आणि दिवाकरसेनाचा तो एकच ताम्रपट? तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातल्या एका तांबटाच्या घरी मिळाला! त्याच्या घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेला होता. विचार करा, ज्यांचा धंदाच तांबं वितळवायचा आणि ठोकायचा, त्यांनी हे दोन पत्रे वितळवले नाहीत. वितळवले असते तर कुणाच्या घरी एखादा हंडा झाला असता आणि एका मुलाचं नाव जगातून पुसलं गेलं असतं.

२०१५ ते २०१८ या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी नगरधनला उत्खनन केलं. तेव्हा मातीची एक मुद्रा निघाली. तिच्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत नाव आहे, प्रभावतीगुप्तेचं. सोळाशे वर्षांनी आईची खूण तिच्याच गावात सापडली!

परत येताना रामटेकच्या टेकडीवरचं केवल नरसिंहाचं देऊळही बघून घ्या. त्याच्या भिंतीत वाकाटकांच्या काळातला शिलालेख आहे.

आणि घरी आलात की स्वयंपाकघरातली जुनी भांडी खाली काढा. एखाद्या वाटीवर तुमच्या बाबांचं, एखाद्या पेल्यावर आत्याचं नाव कोरलेलं असेल. बारशाला नाही तर वाढदिवसाला कुणीतरी हौसेनं घातलेलं. ते नाव वाचा, कुणी कधी कोरलं ते आजीला विचारा. आणि ते भांडं मोडीत देऊ नका!