पुढची

हिला तुम्ही ओळखता, फक्त कधी नाव विचारलं नसेल. हिचं नाव पुढची. आडनाव बदलत राहतं. यंदा कोरियन, मागे स्पॅनिश, त्याआधी जपानी. परकी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हिचं येणं-जाणं असतं, आणि घसट अशी की बेल वाजवायची गरज पडत नाही.

यायची वेळ मात्र ठरलेली. ज्याने एकही परकी भाषा धरली नाही त्याच्याकडे ती ढुंकून बघत नाही. जर्मनची ए-वन पातळी झाली, ए-टू झाली, तोवरही हिचा पत्ता नसतो. बी-वनमध्ये विशेषणांच्या शेपट्या अंगावर येऊ लागतात. एकाच ‘चांगल्या’ला कुठे ‘एन’ लागतो, कुठे ‘एम’, कुठे ‘एर’. त्या संध्याकाळी ही हजर. शेजारच्या खुर्चीत बसते, तुमच्या पुस्तकात डोकावते आणि हळहळून म्हणते, “माझ्यात असलं काही नाही हो.” खोटं बोलत नाही ती. स्पॅनिशच्या विशेषणाला खरंच विभक्ती नसते. ‘असणे’ या साध्या क्रियापदाची तिथे दोन बिऱ्हाडं आहेत आणि शंका, इच्छा, भीती यांच्यासाठी क्रियापदाचा वेगळाच संसार मांडलेला आहे, एवढंच ती बोलायचं विसरते.

कपड्यांची हौस दांडगी. सोव्हिएत संघ उभा होता तेव्हा ती रशियनमध्ये वावरायची. मॉस्कोत मराठीत छापलेली स्वस्त पुस्तकं घरोघर येत होती, तिला ओळख सांगायला तेवढं पुरे. मग जपानी किमोनो आला. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने उभे राहिले तसा तिने जर्मन कोट शिवून घेतला, आणि 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केल्यावर तर तिची चौकशी पुण्यामुंबईबाहेरही होऊ लागली. कॉलेजातल्या मुलींकडे ती कोरियन मालिकेतून उतरून येते. गोव्यात तिचं रूप निराळं: तिथे ती पोर्तुगीज असते, आणि 1961 पूर्वीच्या घराजमिनीच्या कागदांची पिवळी चळत हातात धरून येते. माझ्या मते तिचा हाच अवतार सगळ्यांत प्रामाणिक. निदान काय कामासाठी आले ते पहिल्या वाक्यात सांगते.

पहिल्या आठवड्यात तिच्याइतकी उदार कोणी नाही. कोरियन झाली की आल्या आल्या लिपी देऊन टाकते. पंधराव्या शतकात राजा सेजोंगने ती मुद्दाम सामान्य माणसासाठी करवली. आज वापरात असलेली मूळ अक्षरं 24, दोन संध्याकाळी बसलं तर दुकानांच्या पाट्या वाचता येतात. शिकणारा हरखतो. आठ दिवसांत आपण कोरियन वाचतो असं आल्यागेल्याला सांगतो. काय वाचतो ते कळत नाही, ही बाब किरकोळ. नंतर समोरचा वयाने मोठा, बरोबरीचा की धाकटा, ओळखीचा की परका, हे बघून क्रियापदाचा शेवट बदलायची वेळ येते, तेव्हा पुढची खिडकीतून बाहेर बघत असते.

तासांचा हिशेब तिला आवडत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे, तिने हा हिशेब मांडून ठेवला आहे: स्पॅनिशला वर्गातले साधारण 600 ते 750 तास, जपानीला 2,200. शनिवार-रविवारची दोन-दोन तासांची बॅच धरली तर जपानीला दहा वर्षांहून जास्त लागतात, घरचा अभ्यास वेगळा. हे काढलं की ती चिडते आणि म्हणते, “ते कोष्टक इंग्रजी बोलणाऱ्यांचं. तुम्ही मराठी माणसं!”

इथे तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि इथेच ती खरी लाघवी होते. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखं. नामाला मागून प्रत्यय चिकटतात, आपल्यासारखे. जर्मनमध्ये तीन लिंगं. इंग्रजाला त्याने घाम फुटतो, आपल्याला बालवाडीपासून सवय. एकवीस म्हणताना जर्मन माणूसही आधी एक म्हणतो, मग वीस. जर्मनमधली मुलगी नपुंसकलिंगी आहे म्हणून जग हसतं, मालवणी माणूस हसत नाही. त्याच्या घरचं चेडू तसंच असतं. ही सगळी गोडी लावून झाल्यावर ती जपानीची 2,136 नित्योपयोगी कांजी अक्षरं पुढे ठेवते. एकेका कांजीचे उच्चार पुन्हा दोन-तीन. त्यातलं एकही अक्षर आपल्यासारखं नाही.

खर्चीक आहे, पण खर्च सोसवेल असा करायला लावते. नवी वही, चार रंगांची पेनं, शब्दांची कार्डं, एक जाडा कोश. पुस्तकांच्या दुकानात तिच्यासोबत गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. त्या कोशाची बारा पानं हाताळलेली असतात, बाकीची कोरी.

आणि मत्सरी! हातातल्या भाषेशी तिचं पटत नाही. दोघी एका कुळातल्या असल्या की भांडण आणखी वाढतं. स्पॅनिश अर्धी कच्ची असताना पोर्तुगीज घरात घेतली तर दोघी एकमेकींचे शब्द घालून फिरतात, आणि बोलणाऱ्याच्या तोंडून जी तिसरी भाषा बाहेर पडते ती माद्रिदलाही कळत नाही आणि लिस्बनलाही नाही.

परदेशवारीची स्वप्नं दाखवणं हा तिचा आणखी एक छंद. त्या देशात गेल्याशिवाय भाषा येतच नाही, असं ती ठासून सांगते. अशा वेळी तिला पुण्यात बोट क्लब रोडला न्यावं आणि माक्स म्युलर भवनाची पाटी दाखवावी. ज्याचं हे नाव, त्याने ऑक्सफर्डमध्ये बसून ऋग्वेदाचं संपादन केलं आणि भारतात पाऊलही ठेवलं नाही.

एका वेळी एकच भाषा पुरे म्हटलं, तर तिच्याकडे हुकमाचं पान असतं: लोकमान्य. मंडालेच्या तुरुंगात 1908 ते 1914 या काळात टिळकांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषा पुस्तकांवरून, शिक्षकाशिवाय, वाचण्याइतक्या आत्मसात केल्या. “तीन! एकदम!” पुढची तीन बोटं नाचवते. तिला एवढंच सांगावं की लोकमान्यांकडे सहा वर्षं होती, मोबाइल नव्हता आणि कोणते ग्रंथ वाचायचे हे भाषा घेण्याआधी ठरलेलं होतं. त्यातून उरलेल्या वेळात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. आपल्याला उरलेल्या वेळात झोप लागते.

धर्मानंद कोसंबींपुढे तर तिची मात्रा चालली नसती. गोव्याच्या साखवाळचा हा माणूस बुद्धाचं म्हणणं मुळातून समजून घ्यायला घर सोडून निघाला, पुणे, काशी, नेपाळ करत शेवटी श्रीलंकेला पोचला आणि तिथे पाली शिकला. त्याला कोणती भाषा घेऊ हा प्रश्न पडला नव्हता, त्यामुळे आमच्या पुढचीला त्याच्या दारात उभं राहायला जागाच मिळाली नाही.

म्हणून तिला हाकलून द्या असं मी म्हणणार नाही. मुळात आज हातात असलेली भाषाही एके काळी पुढचीच होती; हिने खुणावलं नसतं तर आपण इंग्रजीच्या कुंपणाबाहेर गेलोच नसतो. बाई गोड आहे, बोलकी आहे, फक्त तिला नकार ऐकायची सवय नाही. ती आली की दोनच गोष्टी विचारा: तुझ्यात मी कोणाशी बोलणार, आणि तुझ्यातलं कोणतं पुस्तक मला वाचायचंय? नाव-गाव घेऊन उत्तर दिलं तर खुशाल क्लास लावा. “जगात किती कोटी लोक बोलतात मला” असं काही सुरू केलं तर चहा द्या आणि गप्पा मारा. पण तिच्या बॅचची फी भरायच्या आधी, कृपा करून, हातातल्या भाषेच्या परीक्षेचा फॉर्म तेवढा भरून टाका.