फुकेत, व्हाया वाणगाव

डिसेंबरात फुकेतला जायचं ठरलं होतं. आम्ही चौघं, पाच दिवस, समुद्राला लागून हॉटेल, निळंशार पाणी वगैरे. वेबसाइटवरचे फोटो बघून बघून तर मला तिथले माड ओळखायला यायला लागले होते. मग नेहमीचंच झालं. रिलीज दोन आठवडे पुढे ढकललं गेलं, मॅनेजरने 'तुम्हीच ठरवा' अशा चेहऱ्याने बघितलं आणि आम्ही ठरवलं. पाच दिवसांच्या रजेतले दोन उरले, तेही शनिवार-रविवार. म्हणजे रजा नाहीच ती!

बाबांना हे कळल्यावर ते म्हणाले, "समुद्रच बघायचाय ना? मग चिंचणीला जाऊन ये. आत्यालाही बरं वाटेल. आणि जाताना एक फाइल देतो, ती घेऊन जा."

त्या फाइलबद्दल नंतर सांगतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना चिंचणी माहीत नसेल. डहाणू तालुक्यातलं गाव. 2014 पर्यंत ठाणे जिल्हा, आता पालघर. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे विरारच्या पुढे गेलं की खिडकीची जागा आणि हिरवी शेतं दोन्ही एकाच तिकिटात मिळतात. वाणगावला उतरायचं, वडाप रिक्षात सातवा माणूस म्हणून बसायचं, आणि चिकूच्या वाड्या सुरू झाल्या की समजायचं, आलं. खाडीच्या पलीकडे तारापूर. होय, तेच अणुवीजवालं. 1969 पासून तिथे वीज तयार होते आहे. माझ्या लहानपणी आत्याकडे रोज दिवे जायचे, तेव्हा हा विनोद घरात फार चालायचा.

आत्या एकटी राहते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, लग्न केलं नाही, आणि आजोबांची चिकूची वाडी सांभाळली. मी पोचलो तेव्हा ती काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीने चिकू उतरवत होती. "आलास? ती टोपली धर," एवढंच स्वागत. चिकूला चीक असतो हे मी विसरलो होतो. नव्या जीन्सला पहिल्या दहा मिनिटांत आठवण झाली. इथल्या चिकूला 2016 साली जीआय मिळालं, डहाणू-घोलवड चिकू म्हणून. आत्याच्या मते जीआय मिळायच्या आधीही तो असाच लागायचा.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. फुकेतचं निळं पाणी इथे नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाळू काळपट, पाणी मातकट. पण ओहोटी लागली की समुद्र इतका आत जातो, की जणू कुणीतरी स्क्रीन रिकामा करून ठेवलाय. मागे सुरूचं बन, त्यातून वारा आला की पावसासारखा आवाज येतो. थोडं पुढे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले होते, तोंडात तोंड अडकवून, ओळीने. वास येतो, येणारच. पाच मिनिटांनी नाक सवय करून घेतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने शेजारच्या डायवाल्यांकडे नेलं. हे मलाही नीट माहीत नव्हतं. चिंचणीत घरोघरी डायमेकिंग चालतं, म्हणजे सोन्याच्या दागिन्यांवर नक्षी उठवायचे पोलादी साचे. दिव्याखाली मान घालून एक काका बोटाएवढ्या ठोकळ्यावर छिन्नीने वेल कोरत होते. उलटा. कारण साच्यात उलटं असेल तर दागिन्यावर सुलटं येणार. मी विचारलं, चूक झाली तर? ते म्हणाले, "तर ठोकळा घासून पहिल्यापासून." इथे अनडू नाही मंडळी. मी दिवसाला किती वेळा कंट्रोल-झेड दाबतो ते मोजायचं धाडस झालं नाही. आता काही ठिकाणी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनंही आली आहेत. काकांचा मुलगा ते शिकलाय, आणि त्यावरून बापलेकांचं जे चालू होतं ते ऐकून मला आमच्या मॅन्युअल टेस्टिंग विरुद्ध ऑटोमेशनच्या मीटिंगा आठवल्या.

दुपारी जेवताना आत्या ताम्रपटांवर आली. ती कधीतरी येतेच. 1955 साली चिंचणीत काही जुने ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याचा काळ. संजाण आणि आसपासचा हा सगळा मुलूख तेव्हा कोण सांभाळत होतं? एक अरब! ताम्रपटात त्याला ताजिक म्हटलंय, नाव मधुमती सुगतिप. दिनेशचंद्र सरकारांनी हे ताम्रपट वाचून छापले. मधुमती म्हणजे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं मानलं जातं. या माणसाने नद्या ओलांडायला फुकट नाव ठेवली, आणि एक अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप फुकट. शिवाय एका देवीच्या मठाला जमीन दिली, दुरुस्तीसाठी आणि नैवेद्यासाठी.

"अकराशे वर्षं होत आली," आत्या म्हणाली, "राजाचं नाव परीक्षेत विचारलं की मुलं विसरायची. फुकट तुपाचं कोणी विसरलं नाही."

मी म्हटलं, आत्या, हे तर ओपन सोर्स झालं. तिने ओपन सोर्स म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नाव चालवायला माणूस लागतोच ना? त्याचा पगार कोण देतं?" आमच्या क्षेत्रात गेली कित्येक वर्षं लोक याच प्रश्नावर भांडताहेत. आत्याला तिथे पोचायला एक मिनिट लागलं.

आता फाइल.

उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर वाढवण. तिथे मोठं बंदर होतंय. 76,220 कोटींचा प्रकल्प, 30 ऑगस्ट 2024 ला भूमिपूजन झालं. त्यासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव घालायचा आहे. हा तालुका 1991 मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, म्हणून इथे चिमण्या कमी आणि वाड्या जास्त राहिल्या. कारखान्यांच्या चिमण्या म्हणतोय मी. 1998 मध्ये वाढवणचं बंदर डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारलं होतं. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध आजही आहे. शनिवारी किनाऱ्यावर बोंबील उलटवणाऱ्या एका मावशींनी मला साधा प्रश्न विचारला होता, "मोठी जहाजं आल्यावर आम्ही डोल कुठे मारायची?" मी मुंबईचा पाहुणा, मान हलवली.

बंदर आलं म्हणजे जमिनीला भाव आला. निदान काकांचं तसं म्हणणं आहे. वाडीच्या सातबारावर बाबा, काका आणि आत्या, तिघांची नावं. फाइलमध्ये विकायचं संमतिपत्र होतं. दोन सह्या झालेल्या, तिसरी जागा रिकामी. बाबा निघताना म्हणाले होते, "तुझं ऐकते ती." आणि खरं सांगायचं तर मलाही ती सही हवी होती. माझ्या फ्लॅटचे अजून सतरा वर्षांचे हप्ते आहेत. ओहोटी बघताना, चिकू खाताना, ताम्रपट ऐकताना मी मनात त्याचाच हिशेब करत होतो. आकडा चांगला येत होता.

शनिवारी रात्री शेजारच्या वाडीत उकडहंडी लावली होती. कोनफळ, रताळी, वालपापडी, मसाला, सगळं मडक्यात भरून, तोंड पाल्याने बंद करून मडकं विस्तवात. ती होईपर्यंत बोलावं असं ठरवलं होतं, जमलं नाही. रविवारी निघायच्या तासभर आधी मी फाइल काढली.

आत्याने चष्मा लावला, सगळं नीट वाचलं. पेपर तपासायची सवय. एका ठिकाणी गट नंबर चुकला होता, तो पेन्सिलने दुरुस्त केला. मग म्हणाली, "बंदर वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पोरांना नोकऱ्या मिळाल्या तर चांगलंच आहे. पण अक्करपट्टी आणि पोफरणची पोरं माझ्या वर्गात होती. अणुकेंद्र वाढवायचं म्हणून त्यांची गावं उठली. निबंधाला 'माझं गाव' विषय दिला की ती विचारायची, बाई, जुनं लिहू की नवीन?"

मी गप्प.

"तू या पैशाचं काय करणार?" तिने विचारलं. रागाने नाही.

"हप्ते फेडीन."

"खरं बोललास. तुझा बाप मला सांगत होता, माझ्याच म्हातारपणाची सोय म्हणून." तिने कागद परत फाइलमध्ये ठेवले. "मी आहे तोवर नाही. नंतर तुम्ही तिघं-चौघं ठरवा. ठरवताना इथे येऊन ठरवा, फोनवर नको."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच. कुठलं जास्त, ते परतीच्या लोकलमध्ये पालघर जाईपर्यंत ठरवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

बाबांना फाइल परत दिली. त्यांनी पेन्सिलची दुरुस्ती बघितली आणि हसले. काकांना अजून कळलेलं नाही, ते काम माझ्याकडेच आलंय. पिशवीभर चिकू ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवलेत. फुकट आहेत, दोन दिवसांत पिकतील, तोवर दाबून बघू नका.

फुकेतचे पैसे परत मिळाले, कॅन्सलेशन कापून.