प्रवासाचा बेत

प्रवास पायांनीं होतो, पण त्याचा बेत मनानें करावा लागतो. आणि ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें तो एका मनानें करून भागत नाहीं. ही साधी गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली, आणि तीहि एका चुकीमुळें. ती चूक वाचकांपुढें मांडली, तर सुटीचे बेत करणाऱ्या एखाद्या कुटुंबाला तिचा उपयोग होईल, या हेतूनें हें लिहीत आहें.

माझें बिऱ्हाड कुडाळास. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला. त्यापूर्वीं मुंबईहून येथें यावयाचें म्हणजे रात्रभर एस. टी.च्या गाडींत हाडें खिळखिळीं करून घ्यावीं लागत. आतां पाहुणे स्थानकावर उतरतात आणि तासाभरांत समुद्रावर पोंचतात. ऑक्टोबर २०२१ मध्यें चिपीचा विमानतळहि सुरू झाला. वाट सुलभ झाली तसे पाहुणे वाढले, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: “तिकडे पाहण्यासारखें काय काय आहे?” या प्रश्नाचें उत्तर यादीनें देतां येतें, आणि तेथेंच घात होतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन पुण्यास गेली त्याला पन्नास वर्षें होऊन गेलीं. आमचें आजोळ वालावलचें. तेथील लक्ष्मीनारायणाचें देऊळ, त्याला लागून असलेलें तळें आणि गांवाच्या कडेनें संथ वाहणारी कर्ली नदी, हें तिच्या बालपणाचें सारें विश्व. तीन वर्षांपूर्वीं भाचा, भाचेसून, दोन नातवंडें आणि आक्का असा सारा परिवार मे महिन्यांत आमच्याकडे आला. भाचा हुषार आणि टापटिपीचा. तीन दिवसांत अकरा स्थळें, आणि प्रत्येकापुढें वेळ लिहिलेली, असें टिपण त्यानें घरूनच करून आणलें होतें. शाळेच्या वेळापत्रकाची जन्मभर संवय असल्यामुळें मला तें आवडलेंहि!

परिणाम व्हावयाचा तोच झाला. उन्हाचा तडाखा आणि सर्वत्र गर्दी. आक्काचे गुडघे दुखरे. प्रत्येक ठिकाणीं बाकीचीं सारीं उतरत आणि ती गाडींत पंख्यानें वारा घेत बसून राही. वालावल यादींत होतें, पण दहावें. तिसऱ्या दिवशीं नेरूरजवळचा फांटा आला तेव्हां अंधार पडला होता आणि रात्रीची आगगाडी गांठावयाची होती. गाडी सरळ पुढें गेली. आक्का कांहीं बोलली नाहीं. मात्र स्थानकावर निरोप घेतांना, पन्नास वर्षें पुण्याची भाषा बोलणारी ती बाई एकाएकीं लहानपणच्या बोलींत म्हणाली, “बाळा, माका माझां तळां दाखव रे एकदां.” त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. टिपण भाच्याचें होतें. पण गांवचा जाणता मी होतों.

गेल्या वर्षीं भाच्यानें पुन्हां विचारलें, तेव्हां मीं यादी दिली नाहीं. उलट प्रत्येकाला दूरध्वनीवर एकच प्रश्न केला: “एकच गोष्ट पदरांत पडावयाची, तर ती कोणती?” भाच्याला सिंधुदुर्ग हवा होता; नातीला दशावतार; नातवाला बाहुल्या. भाचेसून थोडी थांबून म्हणाली, “मामा, एक सकाळ कोणाच्या चहापाण्याची चिंता न करतां नुसतें बसावयाचें आहे.” आक्काचें उत्तर मला ठाऊकच होतें. पांच माणसें, पांच इच्छा. म्हणून दिवसहि पांच धरले.

इच्छा कळल्यावर ऋतु पाहिला. पावसाळ्यांत हा मुलूख जितका हिरवा असतो तितका कधींच नसतो. आंबोलीस वर्षाकाठीं सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटांत धबधब्यांना ऊत येतो. पण त्या काळांत किल्ल्याच्या होड्या बंद असतात, आणि रेल्वेचें वेळापत्रकहि मंदगतीचें होतें. मे महिन्यांत आंबा, फणस आणि करवंदें असतात, परंतु उकाडा आक्काला सोसण्यासारखा नव्हे. राहिली नाताळची सुटी. हवा सुखाची, आणि गांवोगांवच्या जत्रांचा हाच हंगाम. मात्र जत्रा तिथीनें चालतात, म्हणून इंग्रजी तारखांच्या जोडीला पंचांग उघडावें लागतें. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला तर ठराविक तिथीहि नाहीं. देवीचा कौल होईल तो दिवस. आगगाडीचें आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधींच मिळतें, हेंहि ध्यानांत ठेवून भाच्यानें तिकिटें काढलीं.

पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत विसांवा, आणि मग तीन-चार किलोमीटरांवरील पिंगुळी. येथील ठाकर समाजानें चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यानुपिढ्या जतन केल्या आहेत. एकेका आख्यानाच्या चित्रांची जुडी असते, तिला पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढें धरून कथा गाऊन सांगावयाची. पूर्वीं या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. आतां आश्रय पाहुण्यांचाच. येथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली; त्यांनीं आपल्या गोठ्याचेंच कलादालन केलें आहे. नातवाला बाहुलीचीं सूत्रें हातीं धरावयास मिळालीं. दहा मिनिटांत त्याचीं बोटें दुखूं लागलीं, आणि ही कला खेळ नव्हे, हें त्याला न सांगतां उमगलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम दोन वाटा केल्या. भाचा मुलांना घेऊन मालवणास गेला. कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं पाया घातलेला सिंधुदुर्ग, भोंवतीं खारें पाणी असूनहि आंतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचें गोडें पाणी, आणि राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें देऊळ, हें सारें त्यांनीं घाई न करतां पाहिलें. परततांना धामापूरच्या तलावाशीं थांबलीं. १५३० सालीं बांधलेला हा तलाव अजून शेतीला पाणी देतो. २०२० सालीं त्याला जागतिक सिंचन-वारशाचा मान मिळाला. इकडे भाचेसून आमच्या पडवींत सकाळभर बसून राहिली. चहा मीं केला. तो बरा झाला नव्हता, पण तिनें दोनदां घेतला.

तिसऱ्या रात्रीं जवळच्या एका गांवीं जत्रा होती. पालखी देवळाभोंवतीं फिरून आल्यावर मध्यरात्रीं दशावतार उभा राहिला. आधीं गणपति, सरस्वती, काळ्या वेषांतला संकासुर, आणि मग आख्यान. संवाद कोठें लिहिलेले नसतात. नट ते जागच्या जागीं रचतो. नात पहांटेपर्यंत जागी होती. तीन वर्षांपूर्वींच्या टिपणांत रात्रींना जागाच नव्हती, आणि हा मुलूख तर अर्धा रात्रींच पाहावयाचा!

चौथा दिवस सबंध वालावलचा. कालिदासाच्या मेघदूतांतील यक्ष मेघाला अलकेची वाट सांगतांना उज्जयिनीसाठीं वांकडी वाट करावयास लावतो. कोठें विसांवा घ्यावा, कोणत्या नदीचें पाणी प्यावें, हेंहि सांगतो. तें काव्य मीं अनेकदां वाचलें आहे. पण यक्षानें मार्ग आंखतांना मेघाची तहान आणि थकवा आधीं विचारांत घेतला होता, हें मला आक्काच्या गुडघ्यांनीं शिकविलें.

देवदर्शन झाल्यावर आक्का तळ्याच्या कांठीं बसली. पाण्यांत झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. पहिला अर्धा तास ती कांहींच बोलली नाहीं. मग नातीला जवळ घेऊन तिनें आमच्या आजीच्या गोष्टी सांगावयास आरंभ केला. त्यांतील कांहीं मींहि कधीं ऐकल्या नव्हत्या. भाचा हळूच माझ्यापाशीं येऊन म्हणाला, “मामा, यानंतर काय?” मीं म्हटलें, “यानंतर कांहीं नाहीं.” तोहि मग आईच्या शेजारीं जाऊन बसला.

पांचव्या दिवशीं तीं सारीं परत गेलीं. मागच्या अकरा स्थळांपैकीं मुलांना आतां चारहि आठवत नाहींत; तळ्याच्या गोष्टी मात्र तीं आक्काला अजून पुन्हां पुन्हां सांगावयास लावतात, असें भाचेसून कळविते. आक्काचें त्यानंतर पुण्याबाहेर जाणें झालेलें नाहीं, आणि यापुढें होईलसें वाटत नाहीं.

म्हणून एवढेंच सांगणें. सुटीचा बेत करावयास बसाल, तेव्हां नकाशा नंतर उलगडा. आधीं घरांतील सर्वांत थकलेल्या माणसाला विचारा, आणि त्याचें स्थळ यादींत दहावें ठेवूं नका.