चाफ्याची फांदी आणि पिवळी पिन

ती वायर आमच्याच माळ्यावर होती. सेट-टॉप बॉक्सच्या मूळ खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारेचा पीळसुद्धा न सोडलेली. सहा वर्षं तिथे पडून होती. आठवलं की अजून हात शिवशिवतात, पण उगारायचा कोणावर ते कळत नाही.

2019 च्या दसऱ्याला आम्ही 43 इंची टीव्ही घेतला. आधीचा 21 इंची, ढेरपोट्या, बिनतक्रार चाललेला. भंगारवाल्याने त्याचे दोनशे हातावर टेकवले. कर्वेनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर नवा टीव्ही भिंतीला लागला, पेढे वाटून झाले, आई खुर्ची ओढून समोर बसली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "हे सगळे सुजल्यासारखे का दिसतायत रे?"

खरंच सुजले होते. बातम्या देणारी मुलगी आडवी पसरलेली, तिच्या चेहऱ्यावरून कोणी ओलं बोट फिरवल्यासारखं. खाली सरकणारी बातम्यांची पट्टी अर्धी कापलेली. दुकानात याच टीव्हीवर पोपटाचं पीस न् पीस मोजता येत होतं. बसवायला आलेल्या मुलाने जुन्या टीव्हीची पिवळी-लाल-पांढरी वायर नव्यात खोचली होती आणि कागदावर सही घेऊन तो गेला होता. रंगाला रंग जुळला होता, मग चूक कोणाला दिसणार?

डिशवाल्यांकडे तक्रार केली. व्हिजिटचे अडीचशे. आलेल्या मुलाने टीव्हीच्या मागे डोकावूनही पाहिलं नाही. तडक गॅलरीत गेला. कठड्याबाहेर आमची डिश, आणि तिच्यासमोर तळमजल्यापासून वर आलेला सोनचाफा. "झाड आलंय ना काका मधे. सिग्नल अडतोय."

मला ते लगेच पटलं, आणि याचं कारण सिंहगड. पुण्यात 1973 मध्ये टीव्ही आला तो मुंबई केंद्राचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून घेऊन. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात अँटेनाचं तोंड गडाकडे असे. चित्राला मुंग्या आल्या की एक जण कौलांवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे. अँटेना बोटभर फिरली तरी मुंग्या कमी व्हायच्या. चित्र बिघडलं म्हणजे बाहेर काहीतरी अडतंय, हे तेव्हापासून हाडात मुरलेलं. डिजिटलचं तसं नसतं. सिग्नल पुरेसा असला की चित्र पूर्ण येतं, कमी पडला की चौकोनी ठोकळे पडतात, आवाज तुटतो, मग पडदा काळा. पावसाची जोराची सर आली की होतं ना, तेच. 'जरा पुसट' अशी मधली पायरी त्यात नाही. आमच्याकडे ठोकळा एकही नव्हता. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलची पट्टी भरभक्कम होती. त्या मुलाने ती पाहिली, मीही पाहिली. आणि तरी मी खाली गेलो.

तळमजल्यावरच्या काकूंनी तो चाफा त्यांच्या मुलाच्या मुंजीच्या वर्षी लावलेला. सकाळी साडेसहाला काठीला आकडा लावून त्या फुलं काढत आणि जिन्यात भेटेल त्याच्या हातावर दोन ठेवत. आईच्या देवाला पाच, स्टीलच्या वाटीत. रिकामी वाटी परत कशी द्यायची म्हणून आई त्यात साखरेचे चार दाणे टाकायची. ही देवाणघेवाण किती वर्षं चालली असेल, कोणी मोजलेलं नाही.

"काकू, एकच फांदी."

"टीव्हीसाठी?"

"आईला दिवसभर तेवढाच विरंगुळा आहे हो."

आईचं नाव मी पुढे केलं. आईला याचा पत्ताही नव्हता. काकू नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. "बघा बाई काय ते" म्हणून आत गेल्या. मी त्याचा हो असा अर्थ घेतला. फांदी छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते हे मला ठाऊक होतं. मी अर्ज केला नाही. नारळ उतरवणारा एक जण चारशे रुपयांत वर चढला. फांदी आपटली तेव्हा जिनाभर वास सुटला. काकू दारात उभ्या होत्या. "कळ्या तरी आधी काढून घ्यायच्या," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून वाटी आली नाही.

चित्र होतं तसंच.

तो मुलगा पुन्हा आला, पुन्हा अडीचशे. डिश इकडेतिकडे हलवली आणि म्हणाला, "बॉक्स जुना झालाय काका, बदलून टाका."

बॉक्स बदलण्याआधी वायर बदलून पाहू म्हणून मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. चार फुटी दुकान, छतापासून लोंबणाऱ्या केबलींमध्ये मालकाचं फक्त डोकं दिसत होतं. पिवळी पिन त्याच्यापुढे धरून म्हटलं, यातली भारीतली द्या.

"बॉक्स एचडी आहे का?"

एचडीच होता. 31 मार्च 2013 ही पुण्यात केबल डिजिटल करण्याची मुदत होती, त्या गडबडीत आम्ही डिश घेतली. थोडे जास्त पडले तरी पुढे उपयोगी पडेल म्हणून एचडी.

"मग ही कशाला? यातून एचडी जातच नाही. एचडीएमआय लावा. बॉक्सबरोबर आली असणार, घरी बघा. नाही सापडली तर या, दीडशेवाली देतो. हजारवाली घेऊ नका, चित्र तेच येतं."

धंदा करायचा सोडून घरी पाठवणारा दुकानदार! मी रिक्षाने आलो आणि कपडे न बदलता माळ्यावर चढलो.

त्यातलं गणित मी नंतर समजून घेतलं. साध्या चॅनेलचं चित्र फार तर 720 बाय 576 ठिपक्यांचं, टीव्ही 1920 बाय 1080 चा. म्हणजे पाचातले चार ठिपके टीव्ही स्वतःच्या मनाने भरतो. त्यात पिवळ्या पिनेतून रंग आणि उजेड एकाच तारेत कालवून येणार. जुन्या 21 इंचीवर हे सगळं झाकलं जायचं. वायर बदलल्यावर बॉक्सच्या मेन्यूत जाऊन आउटपुट 1080 वर न्यावं लागतं, ते आपोआप होईलच असं नाही. टीव्हीत चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा तशा नावाच्या पर्यायावर ठेवला की कापलेली पट्टी परत येते. 'व्हिव्हिड' हा दुकानातल्या झगमगाटासाठी असतो, घरात तो ठेवू नये. शार्पनेस लोक वाढवतात. मी जवळजवळ शून्यावर आणला तेव्हा चेहऱ्यांभोवतीच्या पांढऱ्या कडा गेल्या. शिवाय एचडी चॅनेलचा नंबर वेगळा असतो. 2019 च्या नव्या दरपद्धतीत एक एचडी दोन चॅनेलांइतकं मोजायचे, ते पैसे मी भरत होतो आणि आई सवयीने जुनाच नंबर दाबत होती.

आणखी एक कळलं, ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. आपल्या घरांवरची डिश दिसते त्यापेक्षा बऱ्याच वर पाहत असते. तिचं तोंड समोर वाटतं, पण तिची नजर तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर चढलेली असते. आमचा उपग्रह आग्नेयेकडे, पार उंच आभाळात. फांदी त्याच्या वाटेत नव्हतीच.

आता चित्र असं आहे की मालिकेतल्या सासूच्या कानामागे मेकअप कुठे संपला ते दिसतं. दिवाणखान्यातली फुलं प्लॅस्टिकची आहेत हेही दिसतं. पहिला आठवडा मी हरखून पाहिलं. मग वाटायला लागलं, पूर्वी ते घर खरं वाटायचं. आई तर साफ म्हणाली, "एवढं काय करायचंय बघून?" आणि परत जुना नंबर लावायला लागली. सह्याद्रीवर जुनं नाटक लागलं की मी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून मूळ आकारात लावतो. मी उठलो की ती ताणून पडदाभर करते. माणसं जाड झाली तरी चालतात. पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत ना, म्हणते.

परवा काकू वर आल्या. गुडघे धरत, बऱ्याच महिन्यांनी. असंच नाटक लागलं होतं, आईने ताणलेलं. दोघी शेजारी बसल्या. काकूंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "फांदी गेल्यावर छान दिसायला लागलं हो."